शेऱ्याचा रकाना

हे लिहावं की नाही, या विचारात चार वर्षं गेली. इथले बाकीच्यांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण आजपर्यंत कुणाला एका ओळीचाही प्रतिसाद दिलेला नाही. खरं सांगायचं तर वाचता वाचता मी प्रत्येक गोष्टीचा खुलासा शोधत असते. वायरिंग खराब असेल, झोप झालेली नसेल, मांजर असेल... माझं कामच तसं आहे. कॉम्प्युटरने काही विचित्र केलं तर त्यामागे कुणाची तरी चूक असते आणि बहुतेक वेळा ती आपलीच असते, हे मी शिकले आणि आजही तेच मानते. अपवाद फक्त एका शनिवारचा. आणि तो शनिवार माझ्याकडे कागदावर छापलेला आहे, म्हणून तो विसरताही येत नाही.

आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. मला तर त्या दिवशी भीतीच्या ऐवजी रडू आलं होतं.

२००३ च्या जूनमध्ये मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर विभागात लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक सर्व्हर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि मी. ऑफिस जुन्या जालन्यात होतं, मस्तगडच्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. कंपनीचा प्लांट, म्हणजे बियाणं साफ करायची यंत्रं, गोदाम आणि लॅब, भोकरदन रोडला गावाबाहेर. तिथे दुसरा सर्व्हर.

कंपनी संकरित भेंडीचं बियाणं करायची. शेतकऱ्याला बी देऊन प्लॉट लावायला सांगायची आणि तयार झालेलं बियाणं परत घ्यायची. कोणत्या गावातल्या कोणत्या शेतकऱ्याचा कोणता प्लॉट, हे टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, ऑफिसच्या सर्व्हरवर होतं. कोणता लॉट, म्हणजे एका प्लॉटचं बियाणं, गोदामात आला, तो उगवणीच्या चाचणीत पास झाला की नापास, हे टेबल प्लांटच्या सर्व्हरवर. दोघांची गाठ पडायची ती शुक्रवारी, फ्लॉपीतून. लॅबमधल्या वंदनाताई ती फ्लॉपी पर्समध्ये घालून आणायच्या.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलते, वाचते, पण दहा माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की दोन्ही भाषा मला सोडून जातात. ऑफिसात पहिल्या महिन्यातच माझं नाव 'शिष्ट' पडलं. मला ते कळलं होतं, पण त्यावर काय बोलणार?

रंगनाथ मामांना मात्र तसं वाटलं नाही.

मामा अठ्ठावन्न वर्षांचे, प्लॉटचं रजिस्टर सांभाळायचे. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबलचक वही. त्यात रकाने आखलेले, आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना 'शेरा'. त्यांचं अक्षर मला वाचता येत नव्हतं, म्हणून आमच्या मॅनेजर सरांनी त्यांना माझ्याशेजारी बसवलं. ते वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायचे. शेऱ्यातलं मराठी मी इंग्रजी अक्षरांत लिहायचे, कारण आमच्या सर्व्हरला तेवढंच कळायचं. शेऱ्यात काहीही असायचं. 'विहिरीच्या वरलं रान.' 'बांधाला बोर हाय.' 'भाऊ भांडतो, सकाळी जाऊ नये.'

जेवायच्या सुट्टीत मी कुणासमोर डबा उघडत नसे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी आपली खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाठमोरे बसून स्वतःची भाकर सोडली. भिंतीलाच म्हणाले,

"जेव माय. हितं कुनी न्हाई."

त्यानंतर रोज तसंच. आम्ही दोघं जेवायचो, ते भिंतीकडे तोंड करून. अधूनमधून भिंतीला गोष्टी सांगायचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. तीनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचे, म्हणे, कधी नंबर मारायची वेळ आली नाही. मामांचंही प्लॉटच्या बाबतीत तसंच होतं. जिल्हाभरातले चारशे-साडेचारशे प्लॉट त्यांना तोंडावरून माहीत होते.

दोऱ्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. संकरित भेंडीत बायका संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या वावरातून फुलं आणून त्यातले पराग तिला लावतात आणि त्या फुलाच्या देठाला रंगीत लोकरीचा दोरा बांधतात. दोरा असलेली भेंडी बियाण्याची, बाकीची नाही. हे सगळीकडेच करतात. मामांनी त्यात आपली एक भर घातली होती. प्रत्येक गावाला दोऱ्याचा एक रंग आणि त्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला गाठींची एक संख्या. बियाणं बॅगेत भरलं की तोच दोरा, तेवढ्या गाठी मारून, बॅगेच्या तोंडाशी आतून बांधायचा. वरून प्लॉट नंबर लिहिलेला कंपनीचा टॅग चिकटवलेला असायचाच. कुणाचा रंग कोणता, गाठी किती, ते शेऱ्यात. सर हसायचे त्यांना. टॅग असताना दोरा कशाला?

माझं काम होतं फ्लॉपी बंद करायचं. टेलिफोनची लाइन आणि मोडेम लावून दोन्ही सर्व्हर जोडायचे आणि एकाच क्वेरीत, म्हणजे सर्व्हरला विचारलेल्या एकाच प्रश्नात, इकडचं आणि तिकडचं टेबल जॉइन करायचं. पास झालेला लॉट आणि त्याचा शेतकरी एका ओळीत आला की तो शेतकरी पुढच्या वर्षीच्या यादीत. ऑगस्टमध्ये मी हे कागदावर चौकोन काढून मामांना समजावून सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते. मामांनी बराच वेळ चौकोनांकडे बघितलं.

"म्हंजे नराचं फूल तिकडल्या वावरातून आनायचं अन् हितल्या मादीला लावायचं. बराबर?"

"हो मामा. तसंच."

"मंग दोरा कुठाय?"

मी दोन्ही चौकोनांतल्या प्लॉट नंबरावर पेन्सिल ठेवली. दोन्हीकडे सारखा असतो, त्यावरूनच जोडतात.

"एकच दोरा? अन् तो तुटला तर?"

"तो तुटत नाही, मामा," मी म्हणाले.

सप्टेंबरात जॉइन चालला. पहिल्यांदा यादी पडद्यावर आली तेव्हा प्लांटवर फोन करून मी वंदनाताईंना एक लॉट बदलायला सांगितला, पुन्हा क्वेरी चालवली, आणि सहा-सात किलोमीटरवरचा बदल जिन्याखालच्या खोलीत दिसला. मामा म्हणाले, "आयला!" आणि लगेच जीभ चावली. मी मोठ्याने हसले. ऑफिसात पहिल्यांदाच.

आता माझी चूक. ती लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दिवाळीच्या आधी मी टेबलं सुटसुटीत केली. पुस्तकात लिहिलेलं असतं तसं, जे कुठल्याच रिपोर्टात येत नाही ते काढून टाकायचं. शेरा कुठल्याच रिपोर्टात येत नव्हता. मी तो रकाना उडवला. मामांना विचारलं नाही, ते दिवाळीच्या रजेवर होते. त्याच आठवड्यात ऑफिसची साफसफाई निघाली. सरांनी दारातूनच विचारलं, रजिस्टरातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना? मी मान हलवली. मला वाटलं, शेरा सोडून सगळं आहेच की. रजिस्टरं रद्दीत गेली.

मामा परत आले. रिकाम्या कपाटासमोर थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले,

"शेरा हाय ना आत?"

मी "हो" म्हणाले.

बॅकअपमधून परत आणता येईल, असं डोक्यात होतं. त्याच संध्याकाळी बघितलं. बॅकअपवर नवा बॅकअप चढला होता, तोही मीच घेतलेला. मामांना उद्या सांगू, असं रोज म्हणत राहिले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचा मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात आहे, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. भिंतीकडे वळवलेली खुर्ची तशीच राहिली.

जानेवारीत बियाण्याच्या बॅगा प्लांटवर आल्या आणि गोदामात उंदरांनी टॅग खाल्ले. टॅग खळीने चिकटवायचे, खळ पिठाची. वंदनाताईंनी लॅबच्या चिठ्ठ्यांवरून एकेक करून बहुतेक बॅगांचे धनी शोधून काढले. शेवटी दोन लॉट उरले, आणि माझ्या टेबलात एकाच गावचे दोन शेतकरी उरले. एका लॉटच्या बॅगेत आत लाल दोरा, दुसऱ्याच्या बॅगेत पिवळा. लालवाला चाचणीत नापास होता. पिवळावाला असा पास, की वंदनाताई म्हणाल्या, यंदाच्या हंगामात इतकी उगवण दुसऱ्या कुणाची नाही.

उरलेल्या दोघांपैकी एकाची साठ एकर जमीन होती. दोरा कुणी बांधला ते बायांना माहीत, मला नाही, असं तो मोकळेपणाने म्हणाला आणि निघून गेला. एका प्लॉटने त्याचं काही अडत नव्हतं. दुसरी होती सुमनबाई.

सुमनबाई तिशीची असेल. भोकरदनकडच्या एका वाडीतली. नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जायचा तो पावसाळ्यात परत यायचा, म्हणून मामांनी सरांशी हुज्जत घालून तिचा प्लॉट तिच्याच नावावर लावला होता. वावरात जी राबते तिचं नाव लिहायला काय होतंय, असं म्हणून. आमच्या टेबलात बाईच्या नावावरचा तो एकटाच प्लॉट. सरांचा त्याला विरोध होता, बाईच्या नावावर ठेवला की पुढे भानगडी होतात, म्हणे. आता ते म्हणत होते, बघा, झाली भानगड.

सुमनबाई सांगत होती, माझा दोरा पिवळा. पण त्या गावाला रंग लाल दिला होता. तिच्या वाडीतली प्रत्येक बाई तेच सांगत होती. मग हिचाच पिवळा कसा? सगळ्यांना वाटलं, पिवळी बॅग पास झाल्याचं हिच्या कानावर गेलं आणि आता ही तसं सांगतेय. सरांनी शांतपणे सांगितलं की तोंडी सांगण्यावर लॉट कुणाच्या नावावर लागत नाही, कंपनीकडे नोंद पाहिजे. सोमवारी यादी वर पाठवायची होती. नोंद नसेल तर दोन्ही लॉट रिजेक्ट आणि दोघांनाही पुढे प्लॉट नाही.

ती दिवसाआड यायची. एसटीने उतरून, चालत, दारातल्या बाकावर बसायची. भांडायची नाही. एकदा मला पाणी मागितलं. ग्लास परत देताना म्हणाली,

"ताई, प्लॉटचं जाऊ द्या. पर म्या खोटं बोलून राह्यले असं लिवू नका कुठं."

कुठेच काही लिहिलेलं नव्हतं, हीच तर अडचण होती. आणि ते का नव्हतं हे फक्त मला माहीत होतं.

गुरुवारी मी रजा टाकून अंकुशनगरला गेले. कारखान्याचा हंगाम चालू होता, उसाच्या गाड्यांची रांग आणि मळीचा वास. मामा क्वार्टरच्या ओट्यावर खाटेवर होते, अंगावर काळी घोंगडी. मला बघून डावा डोळा हसला. मी पाठ केलेलं बोलायला लागले आणि मध्येच अडखळले. एवढंच सांगता आलं की मामा, शेरा आत नाही, मी काढून टाकला, तुम्हाला खोटं सांगितलं, आणि आता सुमनबाईचा लॉट जातोय. दोऱ्याचा रंग वगैरे काही बोलले नाही.

मामांनी तोंड उघडलं. शब्द येईना. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत राहिले, वळत असल्यासारखे. मला अर्थ लागला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. सून म्हणाली, दमले आता, बसा तुम्ही, चहा ठेवते. मी चहा न घेता निघाले. परतीच्या एसटीत मला एकच वाटत होतं, मी फक्त माझं ओझं त्यांच्या खाटेवर टाकून आले.

आणि मग तो शनिवार.

ऑफिस दुपारी एकपर्यंत. सव्वाबाराच्या सुमारास मी पुन्हा तीच क्वेरी चालवली. काही नवीन करून बघायचं म्हणून नाही... आपण हरवलेली किल्ली शोधताना एकच खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसं. ऑफिसचं टेबल, प्लांटचं टेबल, प्लॉट नंबरावर जॉइन, सहा रकाने. नेहमी चाळीसेक सेकंदांत यादी यायची. त्या दिवशी आलीच नाही. लाइन स्लो असेल म्हणून मी डबा धुवून आले. तरी चालूच. बंद करणार, एवढ्यात निकाल आला.

एकच ओळ.

लॉट नंबर तो पिवळ्या दोऱ्याचा. शेतकरी सुमनबाई, तिचं गाव, तिचा प्लॉट नंबर. उगवणीची टक्केवारी, चाचणी पास. हे झाले सहा रकाने. आणि उजवीकडे सातवा. वर शीर्षक 'शेरा'. त्याखाली, मी टाइप करायचे तसंच इंग्रजी अक्षरांत मराठी. इथे आपल्या अक्षरांत लिहिते:

'गाठी सात. लाल संपला व्हता. लेकीच्या स्वेटरचा पिवळा.'

मी सातवा रकाना मागितला नव्हता. तो मागता आलाच नसता. तो अस्तित्वातच नव्हता.

मी काही विचार न करता प्रिंट दिली. प्रिंटर आपला तो कर्कश आवाज करत एक ओळ छापून थांबला. कागद फाडून हातात घेतला, मग क्वेरी पुन्हा चालवली. लगेच एरर आली, समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही. प्लांटवर फोन लावला. नुसता वाजत राहिला.

सोमवारी वंदनाताईंकडून कळलं. शनिवारी अकरालाच तिकडची लाइट गेली होती. त्यांनी सर्व्हर बंद केला, मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि त्या मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेल्या. सव्वाबारा वाजता माझ्या क्वेरीला उत्तर द्यायला भोकरदन रोडवर कुणीही जागं नव्हतं.

पण हे नंतरचं. सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा सुमनबाई बाकावर होती. मी कागद पर्समध्येच ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. कुणाच्या शेजारी आपणहून जाऊन बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे तीही जरा दचकली. मी विचारलं, गावाला लाल दोरा दिला होता, मग तुम्ही पिवळा कुठून आणलात?

ती ओशाळली. इतके दिवस हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे तिला खोटं पाडण्यात गुंतले होते.

"लाल सपला ना ताई ऐन बॅगा भरताना. दुकान भोकरदनला, जायाला कुनी न्हाई. मंग लेकीचा जुना स्वेटर उसवला."

"गाठी किती?"

"मामानं सांगितलेल्या तेवढ्या. सात."

मी तिला विचारलं, हे मामांना कुणी सांगितलं का? ती म्हणाली, कोण सांगणार, मामा तर त्याच्या आधीच आजारी पडले, त्यांना बघायला जायचंही राहूनच गेलं. बॅगा भरल्या जानेवारीत. मामा नोव्हेंबरपासून खाटेवर. मी शेरा उडवला दिवाळीत.

मी सरांकडे गेले आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. हे आधी कसं दिसलं नाही, म्हणाले. लाइन स्लो होती, मी म्हणाले. चार महिन्यांतलं माझं दुसरं खोटं. सरांनी माणूस न पाठवता स्वतः प्लांटवर गाडी काढली, मला आणि सुमनबाईला बरोबर घेऊन. वंदनाताईंनी बॅगेची शिलाई उसवली आणि दोरा उजेडात धरला. लोकर जुनी, धुवून धुवून गोळे आलेली, स्वेटरचीच. गाठी आम्ही चौघांनी मोजल्या. सरांनी दोनदा.

सात.

"बरं झालं, ही सिस्टीम वेळेवर बसवली आपण," सर म्हणाले. सुमनबाईकडे बघून त्यांनी एकदा घसा खाकरला. बाई, तुमचं नाव यादीत जाईल, म्हणाले. सुमनबाईने वंदनाताईंकडून तो दोरा मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. गाडीत बसताना मला म्हणाली,

"लेक लई रडली व्हती स्वेटरसाठी. तिला दाखवते."

त्यानंतर मी सगळं तपासलं, अगदी सगळं. पुण्यात काम करणाऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, पुसलेला डेटा डिस्कवर कुठेतरी शिल्लक राहतो, त्यातला तुकडा वर आला असेल. मी म्हटलं, स्वेटर उसवला तो मी डेटा पुसल्यानंतर दोन महिन्यांनी, मग तो तुकडा डिस्कवर कसा असेल? मग कुणीतरी मस्करी केली असेल, ती म्हणाली. कुणी? स्वेटरचं माहीत असलेली एकटी सुमनबाई, आणि तिने आयुष्यात कीबोर्डला हात लावलेला नव्हता. बरं, प्लांटचा सर्व्हर बंद असताना निकाल कसा आला, ते तर राहू दे. मैत्रीण शेवटी म्हणाली, तुझी घड्याळं बरोबर होती ना? होती.

आणखी एक. मामा 'व्हता' म्हणायचे तिथे मी टाइप करताना नेहमी 'होता' करायचे. शाळेची सवय. छापलेल्या कागदावर 'व्हता' आहे. माझ्या बोटांनी तो शब्द कधीच लिहिला नव्हता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा अंकुशनगरला गेले. या वेळी चहा घेतला. मामांच्या हातात कागद दिला आणि प्रत्येक शब्द वाचून दाखवला, कारण इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती. त्यांनी डावं बोट सातव्या रकान्यावर ठेवलं आणि तिथेच ठेवून डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं... अचंबा नव्हता, हे मला आवर्जून लिहायचंय. आपण सांगितलेलं काम झाल्याचं कुणी कळवावं, तसं त्यांनी ते ऐकलं.

मी क्षमा मागितली. नीट, अख्खी वाक्यं बोलून. मामांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मग त्याच हाताने भिंतीकडे खूण केली. मला कळायला थोडा वेळ लागला. मी घरून डबा आणला होता. तो उघडला, आणि ते मान भिंतीकडे वळवून पडून राहिले, माझं खाणं होईपर्यंत.

निघताना सून घोंगडी नीट करायला लागली आणि कुरकुरली, प्रेमानेच. बघा ना ताई, घोंगडीची काय दशा केली मामांनी. तिने काठ माझ्यापुढे धरला. लोकरीच्या मोकळ्या दशांना ओळीने गाठी मारलेल्या होत्या, घट्ट, एकसारख्या.

"आठ दिसांखाली, शनवारी दुपारच्याला जेवलेच न्हाईत. तासभर नुसत्या गाठी मारून राह्यलते. एका हातानं कशा मारल्या, त्यान्लाच ठाऊक."

घरी येऊन मी एका हाताने गाठ मारून बघितली. दात लावूनसुद्धा मला जमली नाही.

मामा त्यानंतर दीड वर्ष होते. सुमनबाईचा प्लॉट अजून तिच्याच नावावर आहे, आता तिच्या वाडीत आणखी तीन बायकांच्या नावावर आहेत. मी नोकरी बदलली, पण जिथे जाते तिथे प्रत्येक टेबलाच्या शेवटी एक रुंद रकाना मोकळा ठेवते. तो कशाला, असं विचारतात. मी म्हणते, असू द्या.

इथल्या जाणकारांनी काही खुलासा दिला तर मी तो खरंच मनापासून वाचेन. चार वर्षांत मला एकही सापडलेला नाही. फक्त एक कबुली द्यायची राहिली. त्या दिवशी सुनेने घोंगडीचा काठ माझ्या हातात दिला तेव्हा गाठी मोजायला मला पुरेसा वेळ होता. आकडे तपासणं हेच माझं काम. तरी मी मोजल्या नाहीत. घोंगडी मामांच्या पायांवर नीट पांघरली आणि एसटी चुकू नये म्हणून निघाले.